१२१.५ वर कोणी ऐकतंय का?

२१ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यामध्ये पसरलेल्या टास्मान समुद्रावरून सकाळची विमाने नेहमीसारखी ये-जा करत होती. सिडनीहून ऑकलंडला जायला साधारण तीन तास लागतात आणि बहुतेक वेळ खाली फक्त पाणी असते. दहाला दोन मिनिटे कमी असताना व्हर्जिन ऑस्ट्रेलियाच्या एका वैमानिकाने हवाई वाहतूक नियंत्रकांना कळवले, की आपल्या रेडिओवर एक इशारा ऐकू आला आहे. खाली समुद्रात चिनी युद्धनौका आहेत, त्या प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव करत आहेत आणि विमानांनी दूर राहावे असे त्या सांगत आहेत.

नियंत्रकांना याचा पत्ताच नव्हता. तिथली हवाई वाहतूक एअरसर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया ही सरकारी संस्था सांभाळते. तिच्या अधिकाऱ्यांनी नंतर सिनेटच्या समितीसमोर सांगितले, की हा खरा इशारा आहे की कोणी थट्टा करतंय, हेच सुरुवातीला कळत नव्हते. इशारा मात्र खरा होता. चीनच्या नौदलाची तीन जहाजे, म्हणजे ‘झुन्यी’ ही क्रूझर, ‘हेंगयांग’ ही फ्रिगेट आणि ‘वेईशानहू’ हे इंधनपुरवठा करणारे जहाज, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून सुमारे ६४० किलोमीटर दूर खुल्या समुद्रात होती. सरावाची वेळ साडेनऊला सुरूही झाली होती. म्हणजे ज्यांच्या भरवशावर विमाने उडतात त्या नियंत्रकांना बातमी मिळाली ती जवळपास अर्ध्या तासाने, आणि तीही एका प्रवासी विमानाकडून. या सरावामुळे ४९ विमानांचे मार्ग बदलावे लागले.

यावर पुढे राजकारण बरेच झाले. त्याकडे शेवटी येऊच. आधी एक साधा प्रश्न सोडवायला हवा. आकाशात एखाद्या ठिकाणी काही तासांपुरता धोका निर्माण झाला, तर तो वैमानिकाला कळतो कसा? आणि इथे जी गोष्ट वैमानिकाला ऐकू आली ती किनाऱ्यावरच्या एवढ्या मोठ्या यंत्रणेला का ऐकू आली नाही?

रीतसर मार्ग कागदाचा आहे. जगातले सगळे आकाश, महासागरांवरचेसुद्धा, वेगवेगळ्या देशांनी माहिती आणि नियंत्रणासाठी वाटून घेतले आहे. या विभागांना फ्लाइट इन्फर्मेशन रीजन म्हणतात. भारताकडे मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई असे चार आहेत. यातला मुंबईचा विभाग अरबी समुद्रात खोलवर पसरलेला आहे. त्याच्या कडा कराची, मस्कत, मोगादिशू, सेशेल्स अशा विभागांना भिडतात. विभाग आपला म्हणजे ते आकाश आपल्या मालकीचे, असे मात्र नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडचे आकाश कोणाचेच नाही. तिथे कोणतेही नौदल सराव करू शकते. ज्या देशाकडे तो विभाग आहे त्याची जबाबदारी एवढीच, की तिथून जाणाऱ्या विमानांना योग्य माहिती योग्य वेळी मिळावी.

ही माहिती ‘नोटॅम’ या सूचनेतून जाते. धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद आहे, क्रेन उभी केली आहे, अमुक दिवशी अमुक अक्षांश-रेखांशांच्या चौकोनात क्षेपणास्त्राची चाचणी आहे, असे सगळे नोटॅममध्ये येते. मुंबई विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकेक दिवस सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच देखभालीसाठी बंद असतात. त्याची सूचना कित्येक महिने आधी निघते, त्यामुळे विमान कंपन्या आपली वेळापत्रके तशी आखतात. ओडिशाच्या किनाऱ्यावरून क्षेपणास्त्र सुटायचे असेल तर बंगालच्या उपसागरातला लांबलचक पट्टा नोटॅममध्ये जाहीर होतो. हौशी मंडळी तो नकाशावर काढून बघतात आणि पट्ट्याच्या लांबीवरून कोणते क्षेपणास्त्र असेल याचे अंदाज बांधतात. जहाजांसाठी अशीच वेगळी सूचना निघते. भारताभोवतालच्या समुद्रासाठी ती देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयातून निघते. समुद्राला सावध करणारे कार्यालय हिमालयाच्या पायथ्याशी असावे याची मला नेहमी गंमत वाटते.

धोक्याचा ठरलेला प्रदेश चालू करायचा असेल, तर आणीबाणी सोडून किमान सात दिवस आधी सूचना द्यावी, असे आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेचे नियम सांगतात. लष्करी सरावाआधी त्या विभागाच्या नियंत्रण कार्यालयाशी बोलून घ्यावे, अशीही त्यांची अपेक्षा आहे. सात दिवस कशासाठी? कारण विमानाचा मार्ग आणि इंधन हे उड्डाणाच्या काही तास आधी ठरते. कंपनीतला डिस्पॅचर मार्गावरचे सगळे नोटॅम गोळा करतो, हवामान बघतो, मार्ग वळवायचा असेल तर तेवढे जास्त इंधन भरायला सांगतो, आणि ते सारे बाड वैमानिकांच्या हाती पडते. कागदावर टळलेला धोका वैमानिकाच्या दृष्टीने घडलेलाच नसतो.

या बाडाचे दुखणे वेगळेच आहे. नोटॅमची पद्धत १९४७ सालची, टेलिप्रिंटरच्या जमान्यातली. सगळी अक्षरे मोठी, शब्द तोडलेले, वर पाच अक्षरांचे सांकेतिक शीर्षक. ‘तोफा, क्षेपणास्त्रे किंवा रॉकेट यांचा मारा होणार आहे’ हे सांगायलाही तिथे पाच अक्षरेच असतात. शिवाय कोणी काही राहून गेले म्हणायला नको, म्हणून गवत कापण्यापासून ते बंद पडलेल्या दिव्यापर्यंत सारे त्यात कोंबले जाते. ७ जुलै २०१७ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोला उतरणारे एअर कॅनडाचे विमान धावपट्टी समजून शेजारच्या टॅक्सीवेवर उतरायला निघाले होते. तिथे उड्डाणाच्या प्रतीक्षेत चार प्रवासी विमाने रांगेत उभी होती. शेवटच्या क्षणी ते वर खेचले गेले म्हणून हजारभर माणसे वाचली. दोन समांतर धावपट्ट्यांपैकी एक त्या रात्री बंद होती, आणि ही गोष्ट वैमानिकांना दिलेल्या २७ पानी बाडाच्या आठव्या पानावर लिहिलेली होती. अमेरिकेच्या चौकशी मंडळाच्या अध्यक्षांनी त्यानंतर नोटॅमची जाहीरपणे कचऱ्यात गणना केली. शब्द कडक होता, पण चुकीचा नव्हता.

तरी बाड कितीही वाचले, तरी उड्डाणानंतर जे घडेल ते त्यात असणार नाही. तिथून पुढे सगळा भरवसा कानांवर. राजपत्र आणि दवंडी यांत जो फरक, तोच नोटॅम आणि रेडिओच्या इशाऱ्यात आहे. राजपत्र शोधून वाचावे लागते. दवंडी आपल्या वाटेने येते, फक्त ती पिटली जात असताना तुम्ही त्या गल्लीत असायला हवे.

आकाशातली ही ‘गल्ली’ किती लांबीची असते, ते बघण्यासारखे आहे. विमानांचा बोलण्याचा मुख्य रेडिओ व्हीएचएफ. आपल्या एफएम वाहिन्या १०८ मेगाहर्ट्झला संपतात आणि तिथूनच हवाई वाहतुकीचा पट्टा सुरू होतो. आधी दिशादर्शक यंत्रणांच्या लहरी, मग ११८ ते १३७ पर्यंत बोलणे. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, पृथ्वीच्या गोलाईवरून वाकत नाहीत. म्हणून जितके उंच जाल तितके दूरचे ऐकू येते. ३५ हजार फुटांवरच्या विमानाचे रेडिओ-क्षितिज सुमारे ४२५ किलोमीटरवर असते. जहाजाच्या तीस मीटर उंचीच्या डोलकाठीवरचा अँटेना मात्र समुद्राच्या पृष्ठभागावर वीस-बावीस किलोमीटरच्या पलीकडे पाहू शकत नाही.

आता टास्मान समुद्रातले चित्र डोळ्यांसमोर आणा. जहाज किनाऱ्यापासून ६४० किलोमीटरवर आहे आणि ते व्हीएचएफवर बोलते आहे. मध्ये समुद्राचा फुगवटा आहे. किनाऱ्यावर कितीही संवेदनशील यंत्रे लावा, तो आवाज तिथे पोहोचणे शक्य नाही. पण डोक्यावरून जाणाऱ्या, किंवा दोन-तीनशे किलोमीटर अंतरावरच्या, प्रत्येक विमानाला तो शेजारी बसून बोलल्यासारखा स्पष्ट ऐकू येईल. नियंत्रकांना कळले नाही यात त्यांची गाफिली नव्हती. पृथ्वी गोल आहे, एवढेच त्याचे कारण. किनाऱ्यापासून इतक्या दूरच्या जहाजाने फक्त व्हीएचएफवर इशारा दिला, तर तो यंत्रणेपर्यंत पोहोचण्याचा रस्ता बहुधा प्रवासी विमानातूनच जातो. जवळपास आपल्या बाजूचे एखादे जहाज असेल, तर तेवढाच दुसरा रस्ता.

विमाने बोलण्यासाठी एफएम न वापरता जुनी एएम पद्धत वापरतात, यालाही कारण आहे. एफएमवर दोघे एकदम बोलले तर ताकदवान आवाज दुबळ्याला गिळून टाकतो, आणि कोणी दुसरा बोलत होता हेही ऐकणाऱ्याला कळत नाही. एएमवर दोघांची टक्कर होऊन चिरका आवाज येतो. शब्द कळत नाहीत, पण कोणीतरी काहीतरी सांगू पाहत होता हे तरी कळते. मग नियंत्रक पुन्हा विचारतो. आवाजाची गुणवत्ता कमी, पण कोणी हरवत नाही. सुरक्षेच्या कामात हा सौदा फायद्याचा.

किनाऱ्यापासून दूर गेलेले विमान नियंत्रकाशी बोलते ते एचएफवर, म्हणजे शॉर्टवेव्हवर, किंवा आता उपग्रहामार्फत लेखी संदेशांनी. शॉर्टवेव्ह वातावरणाच्या वरच्या थरांवर आपटून हजारो किलोमीटर जाते, पण तिच्यात खरखर फार. ती तासन्तास ऐकत बसणे म्हणजे शिक्षा. म्हणून प्रत्येक विमानाला चार अक्षरांचा एक सूर-संकेत दिलेला असतो. तो वाजला की कॉकपिटमध्ये घंटी होते आणि मगच वैमानिक कान देतात. अरबी समुद्रावरून जाणाऱ्या विमानांना ‘मुंबई रेडिओ’ असाच गाठतो. याच शॉर्टवेव्हवरून मुंबईहून ठरलेल्या वेळी विमानतळांच्या हवामानाचे वाचन प्रसारित होण्याची रीत आहे. त्याला व्होलमेट म्हणतात. ते कोणा एका विमानासाठी नसते, ज्याला हवे त्याने ऐकावे.

विमानतळाजवळ आल्यावर अशीच एक ध्वनिमुद्रित सूचना सतत चालू असते, तिचे नाव एटिस. वारा, दृश्यमानता, वापरात असलेली धावपट्टी, पक्ष्यांचा वावर हे सगळे त्यात असते. दर वेळी मजकूर बदलला की तिला पुढचे अक्षर मिळते. वैमानिक नियंत्रकाशी पहिल्यांदा बोलताना ‘माझ्याकडे चार्ली आहे’ असे म्हणतो, त्यावरून त्याने ताजी सूचना ऐकली की शिळी ते कळते. साधी युक्ती, पण इशारा दिला एवढ्यावर न थांबता तो पोहोचला का हे तपासणारी. पुढे येणाऱ्या गोष्टीत नेमकी हीच तपासणी नव्हती.

चिनी जहाजाने जी फ्रिक्वेन्सी वापरली ती १२१.५ मेगाहर्ट्झ. जगभर संकटासाठी राखून ठेवलेली. वैमानिक तिला ‘गार्ड’ म्हणतात. प्रवासी विमानात सहसा तीन व्हीएचएफ संच असतात. पहिल्यावर नियंत्रकाशी बोलणे चालते, तिसरा बहुधा डेटासाठी, आणि दुसरा गार्डवर लावून ठेवलेला. समुद्रावरच्या लांब प्रवासात, दुसऱ्या वाहिनीवर बोलण्याची वेळ सोडली तर, गार्ड सतत ऐकत राहावे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. चुकून नियंत्रकाची फ्रिक्वेन्सी हरवलेल्या विमानाला शोधायलाही हीच कामाला येते. संपर्क तुटलेल्या विमानाजवळ लढाऊ विमान पाठवायची वेळ आली, तरी पहिली हाक गार्डवरच मारली जाते.

गार्डवर काय ऐकू येते, असे विचाराल तर बहुतेक वेळ काहीच नाही. मग मधेच कोणीतरी चुकीचे बटण दाबून आपल्या प्रवाशांना उद्देशून ‘थोड्याच वेळात आपण उतरणार आहोत’ अशी घोषणा सगळ्या आकाशाला ऐकवतो. त्यावर दुसरा कोणी ‘तू गार्डवर आहेस’ म्हणून खेकसतो. अमेरिकेत तर काही महाभाग रात्री गार्डवर मांजरीसारखे म्याँव म्याँव करतात. पगार घेऊन विमान चालवणारी प्रौढ माणसे हे करतात, हे सांगून खरे वाटणार नाही. पण त्याचा परिणाम हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या वाहिनीवर थट्टा चालते तिच्यावरचा खरा इशाराही क्षणभर थट्टाच वाटतो. कोणी कंटाळून आवाज कमी करून ठेवतो. टास्मानवरचा इशारा ऐकून ‘ही थट्टा तर नव्हे’ असे नियंत्रकांना वाटले, तेव्हा ते उगाच शंका काढत नव्हते.

गार्डवर हाक मारली म्हणजे ती पोहोचलीच, हे गृहीत धरणे किती घातक ठरते ते ३ जुलै १९८८ रोजी दिसले. इराण एअरचे ६५५ क्रमांकाचे एअरबस विमान बंदर अब्बासहून दुबईला निघाले होते. खाली होर्मुझच्या सामुद्रधुनीत अमेरिकेची ‘विन्सेन्स’ ही क्रूझर इराणी नौकांशी झटापटीत गुंतली होती. वर चढणारे विमान लढाऊ आहे अशी तिची समजूत झाली. तिने इशारे दिले. त्यातले बरेचसे लष्करी फ्रिक्वेन्सीवर दिले, जी प्रवासी विमानाला ऐकूच येत नाही. काही १२१.५ वर दिले, पण ते ‘अनोळखी विमाना’ला उद्देशून. विमान आपल्या ठरलेल्या मार्गावर होते, नियंत्रकांशी इंग्रजीत व्यवस्थित बोलत होते. ही हाक आपल्यालाच आहे असे त्याला वाटायचे कारण नव्हते. इशाऱ्यात सांगितलेला वेग जमिनीच्या हिशेबाने होता, वैमानिकासमोरच्या काट्यावरचा वेग असतो हवेच्या हिशेबाने. दोन आकडे जुळत नाहीत. आणि विमानाचे नियंत्रकांशी चाललेले बोलणे ऐकायची सोय जहाजावर नव्हती. क्षेपणास्त्रे सुटली, २९० माणसे गेली.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की चांगल्या इशाऱ्याचे गुण दिसतात. २०२५ च्या इशाऱ्यात निदान जागा होती, काय चालले आहे ते होते आणि दूर राहा अशी सूचना होती. ‘तू कोण’ असे न विचारता ‘मी इथे आहे’ असे सांगणारा तो इशारा होता. त्यामुळे कोणत्याही वैमानिकाला तो आपल्या मार्गाशी ताडून बघता आला. एवढ्यापुरते चिनी जहाजाचे वागणे योग्यच म्हणावे लागेल.

इशारा कानावर पडल्यावर काय होते? वैमानिक आधी आकडे लिहून घेतो. अक्षांश, रेखांश, अंतर, उंची. परक्या उच्चारातले इंग्रजी, तेही एकदाच ऐकलेले. सह-वैमानिकाने तेच ऐकले का याची खात्री करतो. मग विमानाच्या संगणकात तो बिंदू भरून आपला मार्ग किती जवळून जातो ते बघतो. जवळच्या विमानांना विचारायचे असेल तर १२३.४५ ही वैमानिकांची आपसात बोलण्याची फ्रिक्वेन्सी आहे. एरवी तिच्यावर पुढचे धक्के किती आहेत, कोणत्या उंचीवर हवा शांत आहे, याच्या गप्पा होतात. आणि मग तो नियंत्रकाला कळवतो. इथून पुढे खरे काम सुरू होते, कारण एकाने ऐकलेला इशारा आता सगळ्यांचा व्हायचा असतो.

त्या सकाळी नियंत्रकांनी सैन्याच्या मुख्यालयाला कळवले, आपल्या वाहिन्यांवर धोक्याची सूचना दिली आणि येणाऱ्या विमानांना वळवायला सुरुवात केली. सांगितलेला घेर साधारण १८ किलोमीटरचा होता, उंची ४५ हजार फुटांपर्यंत. म्हणजे वरून निघून जाण्याचा प्रश्नच नाही, प्रवासी विमाने तेवढ्या उंचीवर जातच नाहीत. १८ किलोमीटर टाळणे हे ताशी नऊशे किलोमीटरने जाणाऱ्या विमानाला किरकोळ वाटेल. तसे ते आहेही, पण एकट्याला. वळवलेले विमान दुसऱ्याच्या मार्गात जाऊ नये, म्हणून त्यालाही सरकवावे लागते. समुद्रावर रडार नसल्याने विमानांमध्ये अंतर जास्त ठेवलेले असते. आणि आकस्मिक गरजेसाठीचे इंधन प्रवासाच्या इंधनाच्या पाच टक्क्यांच्या आसपासच असते. त्यात हवामानासाठी वळायचे, थांबायचे आणि आता तोफांसाठीही वळायचे.

धोका कोणी मुद्दाम निर्माण करतो तेव्हा निदान तारीख-वेळ त्याच्या हातात असते. सगळे धोके तसे नसतात. त्याच वर्षी १६ जानेवारीला स्पेसएक्सचे स्टारशिप यान चाचणीत फुटले आणि त्याचे जळते तुकडे कॅरिबियनमधल्या टर्क्स आणि कायकोस बेटांवर दिसले. उड्डाणासाठी बंद ठेवलेला प्रदेश आधी जाहीर होता. त्याच्या बाहेर तुकडे पडू शकतील असा मोठा पट्टा मात्र फक्त गरज पडली तर बंद करायचा, असे ठरले होते. गरज पडली. नियंत्रकांना काही मिनिटांत रेडिओवरून एकेका विमानाला सांगावे लागले, की पुढे जाऊ नका. कोणी घिरट्या घालत थांबले, कोणी इंधन कमी म्हणून दुसरीकडे उतरले.

ज्वालामुखीची राख हा त्याहून जुना धडा. २४ जून १९८२ च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचे ९ क्रमांकाचे विमान जावा बेटाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले आणि चारही इंजिने बंद पडली. हे विमान लंडनहून निघून मुंबईला थांबून पुढे गेलेले. राख कोरडी असल्याने हवामानाच्या रडारवर दिसत नाही, आणि कोणी सांगायची पद्धतही तेव्हा नव्हती. राखेतून खाली आल्यावर इंजिने पुन्हा चालू झाली म्हणून सगळे वाचले. आज जगात राखेवर लक्ष ठेवणारी नऊ केंद्रे आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातल्या हायली गुब्बी ज्वालामुखीची राख लाल समुद्र ओलांडून अरबी समुद्रावरून थेट वायव्य भारतापर्यंत आली, तेव्हा सूचना आधीच निघालेल्या होत्या. आपल्याकडच्या कंपन्यांनी काही उड्डाणे रद्द केली. राखेचा वास, इंजिनाच्या वागण्यात फरक असे काही जाणवले तर लगेच कळवा, असे नागरी उड्डाण महासंचालनालयाने वैमानिकांना बजावले. इथेही शेवटचा दुवा वैमानिकाचे बोलणे हाच. उपग्रहाला ढग दिसतो, तो नेमक्या कोणत्या उंचीवर आहे ते विमानातून कळते.

आणि असेही धोके असतात ज्यांची सूचना निघूच शकत नाही. ९ मार्च २०२२ ला भारताचे एक क्षेपणास्त्र तांत्रिक चुकीने सुटून पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. नोटॅम नाही, गार्डवर हाक नाही. त्या वेळी त्या भागातून प्रवासी विमाने जात होती. सुदैवाने काही झाले नाही. चौकशीनंतर हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढले.

आता टास्मानकडे परत. चीनचे म्हणणे असे, की सराव खुल्या समुद्रात झाला, आंतरराष्ट्रीय कायद्याला धरून झाला आणि सुरक्षेच्या सूचना आधी वारंवार दिल्या होत्या. पहिल्या दोन गोष्टी ऑस्ट्रेलियानेही नाकारल्या नाहीत. वाद तिसरीवर होता. न्यूझीलंडच्या संरक्षणमंत्री ज्युडिथ कॉलिन्स यांनी सांगितले, की अशा वेळी बारा ते चोवीस तास आधी सूचना देण्याची चांगली रीत आहे. न्यूझीलंडची ‘ते काहा’ ही फ्रिगेट त्या जहाजांच्या मागावर होती. तिच्याकडून ऑस्ट्रेलियाच्या सैन्याला बातमी पोहोचली, पण ती व्हर्जिनच्या वैमानिकानंतर. लष्करी पाळत चालू असताना प्रवासी विमानाने पहिली खबर द्यावी, हे ऑस्ट्रेलियाच्या विरोधकांना झोंबले आणि त्यांनी सरकारला त्यावरून भरपूर धारेवर धरले.

माझ्या मते कायद्याचा कीस पाडून इथे फारसे हाती लागत नाही. गार्डवरची सूचना ही आधीचे सगळे उपाय चुकले तर उरणारी शेवटची सोय आहे. तिच्यावर एकटीवर विसंबायचे, तर बरोबर त्या वेळी त्या चारशे किलोमीटरच्या टप्प्यात एखादे विमान असायला हवे, त्याचा दुसरा संच गार्डवर असायला हवा, आवाज कमी केलेला नसायला हवा, वैमानिकाला उच्चार कळायला हवा आणि त्याने तो पुढे सांगायला हवा. २१ फेब्रुवारीला हे सगळे जुळून आले. गोळीबाराचा सराव मात्र अचानक उगवणारी गोष्ट नाही. दारूगोळा, लक्ष्य, जहाजांची रचना हे सारे आधी ठरवावे लागते. ज्या नौदलाने हे ठरवले, त्याला ब्रिस्बेन आणि ऑकलंडच्या नियंत्रण कार्यालयांना आदल्या दिवशी दोन ओळी पाठवणे अवघड नव्हते. त्या पाठवल्या असत्या तर ती विमाने जमिनीवरूनच वेगळ्या मार्गाने निघाली असती. हे न करता भर उड्डाणात सांगणे नियमात बसत असेलही, पण त्याला पूर्वसूचना म्हणता येत नाही.